कोंड्याचा रांजण

“या विहारात कोणीतरी दोनदा जेवतो, आणि त्यामुळे कोणीतरी आजारी उपाशी राहतो.”

भिक्षू उत्तिय हे बोलला तेव्हा जेवण आटोपून सगळे आपापली पात्रे धूत होते. त्याने कोणाकडे बोट दाखवले नाही, कोणाचे नाव घेतले नाही. म्हणूनच प्रत्येकाला वाटले की तो आपल्याकडेच पाहतो आहे. पाण्याचा आवाज थांबला.

उत्तिय तरुण होता आणि आजाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था त्याच्याकडे होती. गावातली रेवती उपासिका रोज सकाळी विहाराच्या स्वयंपाकघरात येई, आजाऱ्यांसाठी तांदळाची पेज शिजवी आणि मडके झाकून ठेवी. काही दिवसांपासून उत्तिय वाढायला जाई तेव्हा मडक्यातली पेज कमी झालेली असे. शेवटच्या आजाऱ्याला नुसते पाणी मिळे. उत्तियाला ते सहन होत नव्हते, आणि त्याचा राग खोटा नव्हता. त्याने उपायही ठरवून टाकला होता. उद्यापासून प्रत्येकाने स्वयंपाकघराच्या दाराशी आपले पात्र उघडून दाखवायचे.

ही गोष्ट शास्त्यांच्या, म्हणजे बुद्धांच्या, कानावर गेली. ते येऊन आसनावर बसले.

“उत्तिया, पात्रे उघडून पाहिलीस आणि एकात पेज सापडली, तर काय करशील?”

“संघासमोर त्याचे नाव सांगेन.”

“मग काय होईल?”

“मग तो पुन्हा घेणार नाही.”

“खरे आहे,” शास्ता म्हणाले. “भूक लागली तरी घेणार नाही. उत्तिया, एका पूर्वजन्मीही तू असेच म्हणाला होतास. पण त्या वेळी तू वेळेवर थांबलास.”

उत्तियाला काही उमगले नाही. तो खाली बसला. भिक्षूंनी विनंती केली तेव्हा शास्त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली.

गोदावरीच्या काठी अश्मक देशाचे एक नगर होते. तिथे भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. वडील गेल्यावर कोठारे त्याच्याकडे आली, आणि वय कोवळे असूनही नगराने त्याला धान्यव्यापाऱ्यांचा श्रेष्ठी केले.

त्या नगरात एक चांगली रीत होती. दर पौर्णिमेला तेली, विणकर, कुंभार, सोनार अशा सगळ्या धंद्यांच्या श्रेणी मिळून धान्यबाजाराच्या अंगणात एक जेवण घालीत. कोणी पीठ आणी, कोणी सरपण, कोणी नुसते राबायला येई. जेवणात भारी काही नसे. जोंधळ्याची भाकरी, मुगाचे कढण, मीठ आणि असले तर ताक. पैसा जेवणावर खर्च करायचा नव्हता, जेवणातून उभा करायचा होता. पंगतीतून उठताना ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे काही द्यायचे, आणि त्या पैशातून नगरातल्या उपाशी घरांना महिन्याचे धान्य मिळायचे.

देणाऱ्याचे नाव पुकारले जाई आणि शंख वाजे. मोठ्या दानाला शंख लांब वाजे. सगळे देऊन झाले की ज्यांच्या घरी धान्य नाही त्यांनी उभे राहायचे. लबाडी होऊ नये म्हणून त्यांचीही नावे पुकारीत, आणि नावासोबत कारणही. कुंभार अमुक, भट्टी खचली. विधवा अमुक, दोन मुली. त्यांच्यासाठी शंख वाजत नसे. ज्यांनी ही रीत घातली ते लोक वाईट नव्हते. ते फक्त कधी उभे राहिले नव्हते.

बोधिसत्त्व श्रेष्ठी असला तरी पंगतीत स्वतः वाढत असे. हातात ओगराळे घेऊन तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकत वाकत जाई. वाढताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्याच्या घरी सकाळी चूल पेटलेली असते तो ‘पुरे’ म्हणायला वेळ लावतो. कढण पत्रावळीवरून ओघळायला लागले की मग हसत हात मध्ये घालतो. ज्याच्या घरी चूल पेटलेली नसते तो पहिल्याच ओगराळ्याला हात आडवा धरतो. आपली भूक कोणाला दिसू नये म्हणून.

एका वर्षी पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षी आला आणि कापूस कुजवून गेला. पंगतीत आडवे हात वाढू लागले.

त्यातला एक हात नंदिकाचा होता. नंदिक विणकरांच्या श्रेणीचा प्रमुख. त्याच्या बोटात श्रेणीची चांदीची मुद्रिका असे, तिच्यावर मागाचा धोटा कोरलेला. चांगल्या दिवसांत पौर्णिमेचा सगळ्यात लांब शंख त्याच्यासाठी वाजत असे.

“नंदिककाका, अजून अर्धे ओगराळे?” बोधिसत्त्वाने विचारले.

“नको रे बाबा. घरून खाऊन आलोय.”

बोधिसत्त्व पुढे गेला. परत येताना त्याने पाहिले, म्हाताऱ्याने अर्धी भाकरी उपरण्याच्या टोकात बांधली होती आणि पत्रावळीवरचे मीठ तो बोटाने टिपून खात होता. बोधिसत्त्वाने टोपलीत तळाची, एका बाजूने करपलेली भाकरी शोधली.

“काका, ही करपली आहे. कोणी घेत नाही. एवढी संपवाल?”

“दे,” नंदिक म्हणाला, “अन्न टाकू नये.” आणि तीही उपरण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाने नोकराबरोबर नंदिकाच्या घरी जोंधळ्याची गोणी पाठवली. नोकर गोणी घेऊनच परत आला. “ते म्हणाले, घर चुकलास.”

मग बोधिसत्त्व स्वतः विणकर आळीत गेला. आळीत एरवी इतकी खटखट असे की बोलणाऱ्याला ओरडावे लागे. त्या दिवशी त्याला स्वतःची पावले ऐकू येत होती. नंदिकाच्या ओसरीवर माग उभा होता, पण त्याची फणी विकली गेली होती. आत दाराच्या आडोशाला नंदिकाची सून वासुला बाळाला घेऊन बसली होती. तिचा नवरा काम शोधायला एका तांड्याबरोबर दक्षिणेला गेला होता आणि अजून परतला नव्हता. बाळ रडत नव्हते. रडायलाही थोडी ताकद लागते.

“काका, दोन गोण्या पाठवतो,” बोधिसत्त्व म्हणाला. “कोणाला कळणार नाही.”

“तुला कळेल ना.” नंदिक हसला. “पुढच्या पंगतीत तू मला वाढशील, तेव्हा तुझा हात आपोआप एक ओगराळे जास्त घालील. शेजारचा ते पाहील. मग आळी पाहील. नको बाळा.”

“मग पौर्णिमेला उभे राहा. त्यात काय आहे?”

“मी उभा राहिलो तर शंखवाल्या कंबुकाला माझे नाव पुकारावे लागेल. ज्या तोंडाने त्याने माझ्यासाठी शंख फुंकला, त्याच तोंडाने. त्या बिचाऱ्याची पंचाईत कशाला करायची?”

दाराआडून वासुलाचा आवाज आला. “तुमची मान ताठ राहू दे मामंजी. पण पोराच्या ओठाला काय लावू तेवढे सांगा. मान लावू?”

 नंदिक आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला.

घरी येताना बोधिसत्त्वाच्या मनात आले, हा एक नंदिक मला दिसला, कारण याचा हात मी ओळखला. जे जेवायलाच येत नाहीत त्यांचे हात मला कुठे दिसतात? एका घरी चोरून गोणी टाकून हे भागणारे नाही. उपाशी माणसाने आधी सगळ्यांसमोर लहान व्हायचे आणि मग खायचे, ही अटच काढली पाहिजे.

त्याने कुंभाराकडून एक मोठा रांजण घडवून घेतला. त्याचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवले. हात सहज आत जावा, चार नाणी धरलेली मूठ बाहेर यावी, पण हावरटपणाने गच्च भरलेली मूठ तोंडाशी अडावी. पौर्णिमेच्या सकाळी हा रांजण अंगणाच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर ठेवला गेला.

“आजपासून कोणाचे नाव पुकारायचे नाही,” बोधिसत्त्वाने श्रेणींच्या प्रमुखांना सांगितले. “प्रत्येकाने उठताना मूठ मिटून हात आत घालायचा आणि मूठ मिटूनच बाहेर काढायचा. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावे. ज्याच्याकडे नाही त्याने घ्यावे. कोणी कोणाला विचारायचे नाही.”

तेल्यांच्या श्रेणीचा प्रमुख कुंडल मोठ्याने हसला. कुंडल आडदांड, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या हाताचा माणूस होता. नंदिकाचे दिवस फिरल्यापासून सगळ्यात लांब शंख त्याच्यासाठी वाजे, आणि वाजत असताना तो डोळे मिटून ऐकत असे.

“श्रेष्ठी, हा रांजण आहे की चोरांना आमंत्रण? आणि मी काय दिले ते लोकांना कळणार कसे?”

“कळणार नाही.”

“मग हा कंबुक काय करणार? शंखात लोणचे घालणार?”

शंखवाला कंबुक कोपऱ्यात बसून शंख पुसत होता. तो म्हणाला, “मालक, लोणचे घालायलाही घरात काही पाहिजे ना.” सगळे हसले, आणि हसण्याच्या भरात गोष्ट मान्य झाली.

पंगत झाली. लोक रांगेने रांजणापाशी येऊ लागले. पहिल्याने हात घातला. खण्. दुसऱ्याने घातला. खण्. नाणे रांजणाच्या भाजलेल्या तळावर पडे आणि त्याचा आवाज अंगणाच्या शेवटापर्यंत स्वच्छ ऐकू जाई. कोणी कान टवकारले नव्हते. पण जो आवाज येतो तो ऐकू येतोच. कुंडलाचा हात गेला तेव्हा खण्‌खण्‌खण् असे बराच वेळ झाले, आणि तो शंख वाजल्यासारखा समाधानाने बाजूला झाला.

मग नंदिकाची पाळी आली. त्याने रिकामी मूठ आत घातली. मागची सगळी रांग गप्प होती. एक श्वास गेला. दुसरा गेला. आवाज झाला नाही. रांगेतला एकजण खाकरला, कोणीतरी पाय बदलला. बोधिसत्त्व टोपली हातात घेऊन उभा होता. त्याने पाहिले, म्हाताऱ्याच्या मानेवर घाम आला आहे आणि रांजणाच्या आत त्याचा हात काहीतरी धडपड करतो आहे.

खण्.

नंदिकाने मूठ बाहेर काढली आणि वर न पाहता निघून गेला. बोटावर जिथे मुद्रिका असे तिथे फिकट पट्टा होता.

त्यानंतर रांगेत जे कोणी घ्यायला आले होते ते सगळे पोटात दुखते, बैल सुटला आहे, असे काही पुटपुटत मागच्या वाटेने निघून गेले. त्या दिवशी रांजणातून कोणीही काही घेतले नाही. कुंडल जाताना म्हणाला, “बघा, आपल्या नगरात गरजू कोणी नाहीच!”

रिकाम्या अंगणात बोधिसत्त्व रांजणाजवळ बसून राहिला. त्याने हात आत घातला आणि बोटांनी मुद्रिका चाचपली, पण बाहेर काढली नाही. रांजणात जे पडले ते त्याचे नव्हते, आणि ती परत करायला गेला असता तर ‘मला कळले’ एवढेच नंदिकाला सांगून आला असता.

तेवढ्यात वासुला आली. बाळ तिच्या पाठीशी बांधलेले होते. ती श्रेष्ठीला नमस्कार करायला थांबली नाही.

“तुमच्या शंखाने मामंजींचे अन्न अडवले होते,” ती म्हणाली. “तुमच्या रांजणाने तर अंगठी पण खाल्ली. आता अजून काय काढताय नवीन?”

“बस वासुला. ताक आहे, पी.”

“मी एकटी प्यायले की ते विचारतील, कुठून आणलेस.” पण ती बसली, आणि तांब्या तोंडाला लावल्यावर तिला थांबता आले नाही. पिऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, “श्रेष्ठी, त्यांच्यावर रागावू नका. ते वाईट नाहीत. लोकांना देत आले ना आयुष्यभर. घ्यायचे कसे ते त्यांना येतच नाही.”

“चूक त्यांची नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “देणारा हात वाजतो आणि घेणारा वाजत नाही. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. उद्या त्यांना जेवायला घेऊन ये.”

“उद्या? उद्या कुठे पौर्णिमा आहे?”

“तुझ्या बाळाला पौर्णिमा कळते का?”

ती पहिल्यांदाच हसली.

भुकेला माणूस ठरलेल्या तिथीपर्यंत थांबू शकतो असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस न जेवता राहून पाहावे. बोधिसत्त्व थांबला नाही. त्याने आपल्या कोठारातले जोंधळे काढून दळायला दिले आणि नगरात निरोप पाठवला, आज माझी एक चूक झाली, ती निस्तरायला उद्या पुन्हा जेवण आहे, सगळ्यांनी यावे. जोंधळे कांडून जो कोंडा निघाला तो एरवी गाईंना जात असे. तो त्याने पोत्यात भरून आणला आणि रांजणात ओतला, गळ्यापर्यंत. मग आपल्या कमरेची नाणी काढून एकेक वरून सोडून पाहिली. नाणे कोंड्यात शिरे, आणि आवाज होत नसे.

दुसऱ्या दिवशी लोक आले. चूक कोणती होती ते ऐकायला मिळेल म्हणूनही काही आले. नंदिक आला, सुनेने अक्षरशः हाताला धरून आणलेला. पंगत बसली. बोधिसत्त्वाने वाढले. नंदिकाने पहिल्या ओगराळ्याला हात आडवा धरला.

जेवण झाल्यावर बोधिसत्त्वाने सगळ्यांच्या आधी स्वतःचा हात रांजणात घातला, खांद्यापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला. “घाई करू नका,” तो म्हणाला. “हात तळापर्यंत जाऊ द्या. मूठ मिटून घाला, मिटून काढा, आणि आपल्या आळीत पोचेपर्यंत उघडू नका.” त्याचा हात बाहेर आला तेव्हा तो दंडापर्यंत पांढुरका झाला होता.

रांगेत नंदिकाच्या पुढे कुंडल होता. तो रांजणापाशी आला, त्याने आत पाहिले आणि त्याचा चेहरा लाल झाला. तो मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

“कोंडा? कोंडा कशाला? मी सांगतो कशाला. चोराचा आवाज झाकायला! काल आवाज होत होता तेव्हा कोणी घेतले नाही. आता आवाज नाही, आता बघा कसे हात चालतील. या नगरात कोणीतरी दोनदा जेवणार आहे, आणि आपण घाम गाळून त्याचे पोट भरणार आहोत. माझे म्हणणे एवढेच आहे, बाहेर पडताना प्रत्येकाने मूठ उघडून दाखवावी. ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली?”

काही जणांनी माना डोलावल्या. बोलणे सरळ वाटत होते. रांगेत मागे काही लोक हळूहळू मागे सरू लागले. नंदिक सरला नाही. पण त्याने आपला हात उपरण्याखाली घेतला. वासुलाने बाळाला छातीशी धरले आणि बोधिसत्त्वाकडे पाहिले. आज मुठी उघडल्या तर तिचे सासरे काही घेणार नव्हते, आणि बाळाजवळ पुढच्या पौर्णिमेपर्यंत वेळ नव्हता.

बोधिसत्त्वाचा आवाज चढला नाही.

“कुंडला, तुझी पाळी आहे. आधी तू हात घाल. बाहेर काढल्यावरही मुठी उघडायच्या असे तुला वाटले, तर उघडू.”

“वाटेलच,” कुंडल म्हणाला. मुठीत जाडजूड नाणी घेऊन त्याने हात आत घातला. कोंडा मऊ आणि थोडा उबदार होता. त्यात हात घालताना प्रत्येकाला असे वाटे की आपण कोणाच्या तरी घरात शिरतो आहोत. कुंडलाची बोटे तळाशी गेली. नाणी सोडताना त्याला एक वेगळी वस्तू लागली. गोल, मध्ये पोकळ. कुतूहलाने त्याने ती उचलली आणि मूठ बाहेर काढली. छातीशी धरून, अंगठा थोडा बाजूला करून त्याने पाहिले.

चांदीची मुद्रिका होती. तिच्यावर धोटा कोरलेला होता.

कुंडलाने मागे पाहिले. मागे नंदिक उभा होता. त्याचा हात उपरण्याखाली झाकलेला होता, पण उपरणे एवढे विरले होते की हाताचा आकार आणि मुद्रिका नसलेली बोटे दिसत होती. काल कोणता आवाज कशाचा होता ते कुंडलाला एका क्षणात कळले.

आणि त्याला दुसरेही काही आठवले, जे आठवू नये म्हणून तो इतकी वर्षे शंख ऐकत आला होता. याच अंगणात, तो आईच्या कमरेएवढा असताना, कोणीतरी मोठ्याने पुकारले होते: तेलीण सामा, घाण्याचा बैल मेला, नवरा नाही, एक पोर. त्याची आई उभी राहिली होती. तिने धान्य घेतले होते, घरी आणून शिजवले होते आणि त्याला भरवले होते. त्यानंतर ती या अंगणात कधीच आली नाही. बाजाराला जायचे असले तरी नदीकडून वळसा घालून जाई.

“बोला मालक,” कंबुक म्हणाला. “उघडा की मूठ. तुमच्यापासूनच सुरुवात.”

कुंडलाने मूठ आणखी घट्ट मिटली. 

“मुठी उघडायच्या नाहीत,” तो म्हणाला.

“आत्ता तर तुम्हीच—”

“आत्ताही मीच बोलतोय. माझ्या मुठीत काय आहे ते मी कोणाला का सांगू? उघडायच्या नाहीत म्हणजे नाहीत. कोणाच्याच नाहीत.”

लोक हसले. मग कुंडलाने एक विचित्र गोष्ट केली. तो पुन्हा रांजणाकडे वळला आणि मूठ पुन्हा आत घातली. या वेळी खोल नाही, मनगटापर्यंतच. हात बाहेर काढला आणि अंगावरचा कोंडा झटकला.

“दोनदा!” कंबुक ओरडला. “अहो मी पाहिले! मालकांनी दोनदा हात घातला! चोर चोर म्हणून स्वतःच दोनदा!”

सगळे अंगण हसायला लागले. कोणी टाळी वाजवली. “काय हो कुंडल, भाकरी कमी पडली का?” “तेलाचा भाव पडला वाटते!” नगरातला सगळ्यात मोठा दाता भर अंगणात मान खाली घालून उभा होता, आणि त्याला एकच वाक्य बोलून सुटता आले असते. तो ते वाक्य बोलला नाही.

“हो, दोनदा घातला,” तो म्हणाला. “सरका आता. नंदिककाका, या पुढे, मागे रांग खोळंबली आहे.”

नंदिक पुढे आला. सगळे अजून कुंडलाकडे पाहून हसत होते. म्हाताऱ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. त्याने हात कोंड्यात घातला. वरच, मनगटभर खोलीवर, त्याच्या बोटांना ओळखीची वस्तू लागली. त्याचा हात थबकला. मग तो हळूहळू खाली गेला, कोपरापर्यंत, कोपराच्या वर. किती वेळ तो तसा उभा होता ते कोणी पाहिले नाही. बोधिसत्त्वाने तर मुद्दाम पाठ फिरवली आणि रिकामे भांडे खरवडायला घेतले.

नंदिकाचा हात बाहेर आला तेव्हा तो कुंडलाच्या हातासारखाच होता, श्रेष्ठीच्या हातासारखाच होता. मूठ मिटलेली आणि दंडापर्यंत पांढरा कोंडा. काल मागच्या वाटेने गेलेले लोक आज रांगेत परत आले. बाहेर रस्त्यावर सगळ्या आळ्यांकडे पांढऱ्या हातांची माणसे चालली होती, आणि कोण देऊन चालला आहे, कोण घेऊन, हे देवालाही वरून ओळखता आले नसते.

त्या संध्याकाळी विणकर आळीत जात्याची घरघर ऐकू आली. वासुला दळता दळता सासऱ्याला काहीतरी सुनावत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर रागाचा नव्हता. काही दिवसांनी त्या घरातून बाळाचे रडणे आले, चांगले मोठे, शेजाऱ्यांनी कानावर हात ठेवावेत असे. शेजाऱ्यांनी ठेवले नाहीत.

पुढे पाऊस आला. वासुलाचा नवरा परतला, फणी परत घेतली गेली आणि आळीत पुन्हा ओरडून बोलावे लागू लागले. नंदिकाच्या बोटात मुद्रिका दिसू लागली. तिच्या कोरीव धोट्यात कोंड्याचे कण अडकलेले होते. सून म्हणे, द्या, चिंचेने घासून देते. म्हातारा देत नसे.

तो रांजण तिथेच राहिला. गरज नसताना त्यातून कोणी घेतले नसेल का? घेतले असेल. काही पौर्णिमांना कोंडा तळापर्यंत चाचपूनही बोटांना थोडेच लागे. तेव्हा इतर व्यापारी दुप्पट भाव घेत असताना बोधिसत्त्व जुन्याच भावाने धान्य विके, आणि त्यातून जे सुटे ते कोंड्यात सोडी. कुंडल काय सोडी ते कोणालाच कळले नाही. कंबुकाचा शंख मात्र बंद पडला नाही. तो आता जेवणाच्या आधी वाजे, लोकांना बोलावण्यासाठी, आणि सगळ्यांसाठी सारखाच लांब वाजे.

ही गोष्ट सांगून झाल्यावर शास्त्यांनी त्या जन्माची या जन्माशी गाठ जुळवून दिली.

“भिक्षूंनो, तेव्हाचा कुंडल म्हणजे आजचा उत्तिय. रागाने बोलला, पण वेळेवर मूठ मिटून धरली. वासुला म्हणजे आपली रेवती उपासिका. तिची जीभ अजून तशीच आहे. कंबुक म्हणजे तो, जो आत्ता सगळ्यांच्या आधी हसतो आहे. धान्याचा श्रेष्ठी मीच होतो. म्हातारा नंदिकही इथेच बसला आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही.”

कोणीही इकडेतिकडे पाहिले नाही. सगळे आपापल्या पात्रांकडे पाहत होते.

“हे दान होय,” शास्ता म्हणाले. “हात सैल सोडणे एवढेच दान नव्हे. घेणाऱ्याची मान ताठ राहील अशी काळजी घेणे, ही दानाची पूर्णता. तिलाच करुणा म्हणतात.”

उत्तियाने उठून शास्त्यांना वंदन केले. पात्रे उघडून पाहण्याची गोष्ट पुन्हा त्याच्या तोंडून निघाली नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी रेवती उपासिका हातात ओले फडके घेऊन सगळे ऐकत उभी होती. ती म्हणाली, “मग उद्यापासून पेजेला मोठे मडके घेते मी. एवढेच होते तर आधी सांगायचे ना.”